‘पाय लई दुखायलेत’ला कोड कोणता? सांधे, स्नायू, कंबर यांच्या दुखण्याचे आयसीडी कोड निवडताना

मराठीत ‘पाय’ मांडीच्या मुळापासून अंगठ्याच्या नखापर्यंत असतो आणि ‘हात’ खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. बोलताना त्यानं कुणाचं अडत नाही. आयसीडी, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतले, कोड लावताना मात्र पहिला घोळ इथंच होतो. ‘पाय लई दुखायलेत’ म्हणत आलेल्या बाईंचं दुखणं गुडघ्याच्या सांध्यात असेल तर एम२५.५६, पोटरीत असेल तर एम७९.६६, टाचेत किंवा तळव्यात असेल तर एम७९.६७. कमरेतून निघालेली कळ पोटरीत उतरत असेल आणि डॉक्टरांनी सायटिका लिहिलं असेल तर दुखणं पायाचं नाहीच, तो एम५४.४. तक्रारीचे शब्द चारही वेळा तेच.

सोलापुरात यात आणखी भर पडते, कारण केसपेपर काढायला आलेला माणूस मराठीच बोलेल असं नाही. तेलुगूतला ‘कालु’ आणि कन्नडमधला ‘कालु’ हेही आख्खे पायच, पाऊल धरून. ‘मोकालु’ किंवा ‘मोणकालु’ ऐकू आलं तर गुडघा; ‘नडुमु’ किंवा ‘सोंट’ म्हटलं तर कंबर. खिडकीवरच्या माणसाला एवढे शब्द कळले तरी बरंच काम होतं. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे शब्दावर विसंबायचंच नाही. ‘जिथं जास्त दुखतंय तिथं एक बोट ठेवून दाखवा’ म्हणायचं, आणि बोट कुठं टेकलं ते उजव्या-डाव्या बाजूसकट लिहायचं. पेशंट आख्खा तळहात फिरवून दाखवत असेल तर तेही लिहा. दुखणं एका जागी नाही, ही माहितीच आहे.

(खाली सगळे कोड देवनागरीत दिलेत. संगणकात टाकताना अक्षर रोमन मोठं, आकडे इंग्रजी, आणि टिंब एक अक्षर व दोन आकड्यांनंतर.)

पुस्तक कोणतं ते आधी ठरवा

आयसीडी-१० या नावानं दोन पुस्तकं फिरतात, आणि बहुतेक चुका त्यांची सरमिसळ झाल्यानं होतात. एक जागतिक आरोग्य संघटनेचं, १९९० मध्ये मंजूर झालेलं. दुसरं अमेरिकेनं स्वतःसाठी वाढवलेलं, ज्याला ‘सीएम’ म्हणतात. ते तिथं १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या नोंदी पहिल्या पुस्तकाच्या. आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्मचा भाग ‘ब’ हॉस्पिटल भरतं. त्यात मुख्य निदान, अतिरिक्त निदान आणि सहव्याधी यांचे कोड मागितलेले असतात, पण फॉर्मवर नुसतं ‘आयसीडी-१०’ छापलेलं असतं. मग कुणीतरी मोबाइलवर शोधतं, वर अमेरिकेचा सहा खुणांचा (अक्षर आणि आकडे मिळून सहा) कोड येतो, आणि तोच उतरवला जातो. तुम्ही सोलापुरात बसून अमेरिकन चार्ट (तिथल्या पेशंटचे केसपेपर) कोड करत असाल तर तो बरोबर. इथल्या रेकॉर्ड रूमसाठी करत असाल तर हॉस्पिटलनं कोणतं पुस्तक धरलंय ते एकदा विचारून घ्या आणि मग वर्षभर तेच चालवा.

फरक किरकोळ वाटतो, पण एक जोडी बघा. संघटनेच्या पुस्तकात एम२५.५० म्हणजे अनेक सांधे दुखणं आणि एम२५.५९ म्हणजे सांधा कोणता ते लिहिलेलंच नाही. सीएममध्ये एम२५.५० म्हणजे सांधा न लिहिलेला, आणि एम२५.५९ म्हणजे सांधा लिहिलाय, पण त्याला स्वतंत्र कोड नाही. दिसायला तोच कोड, अर्थ वेगळा.

संघटनेच्या पुस्तकात ‘एम’ प्रकरणात (हाडं, सांधे, स्नायू) पाचवी खूण जागेची. हे भिंतीला चिकटवून ठेवण्याजोगं आहे: ० अनेक जागा, १ खांदा, २ दंड आणि कोपर, ३ कोपराखालचा हात आणि मनगट, ४ पंजा आणि बोटं, ५ खुबा, कुल्ला, मांडी, ६ गुडघा, नडगी, पोटरी, ७ घोटा आणि पाऊल, ८ डोकं, मान, बरगड्या, धड, ९ जागा लिहिलेली नाही. पाठीच्या कण्यासाठी आकड्यांची यादी वेगळी आहे, आणि नवखे तिथंच आपटतात: तिथं २ म्हणजे मान, ४ म्हणजे पाठ, ६ कंबर, ७ कंबर आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी यांचा जोड. म्हणून एम२५.५२ हा कोपराचा, पण एम४७.८२ हा मानेच्या स्पॉन्डिलोसिसचा, म्हणजे मणक्याच्या झिजेचा.

या पुस्तकात उजव्या-डाव्याला आकडा नाही. बाजू निदानाच्या ओळीत अक्षरात लिहायची. कोड सांगत नाही म्हणून ती गाळायची नाही. सीएममध्ये सहावी खूण बाजूची: एम२५.५६१ उजवा गुडघा, एम२५.५६२ डावा, एम२५.५६९ बाजू न लिहिलेली. दोन्ही गुडघे दुखत असतील तर दोन्हींचा मिळून एक कोड नाही, ५६१ आणि ५६२ दोन्ही टाकायचे. ‘१ म्हणजे उजवा’ हे पाठ करून मात्र चालत नाही. एम७९.६०१ उजवा हात आणि एम७९.६०४ उजवा पाय, एम७९.६४१ उजवा पंजा, पण उजव्या हाताची बोटं एम७९.६४४, पायाच्या उजव्या बोटांना एम७९.६७४. घाईत १ ठोकला की बोटांचा पंजा होतो. ९ वर संपणारा ‘बाजू नाही’चा कोड लावण्याआधी नर्सची नोंद, फिजिओचा कागद वाचा, डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल तर सीएमच्या नियमाप्रमाणे इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या नोंदीवरून बाजू घेता येते. निदान घेता येत नाही, फक्त बाजू.

सांधा, मांस की नुसता अवयव

जागा ठरली की पुढचा प्रश्न: दुखतंय ते नक्की काय? सांधा असेल तर एम२५.५. हातापायाचा सांधा सोडून उरलेला भाग, म्हणजे दंड, मांडी, पोटरी, पंजा, पाऊल, बोटं, तर एम७९.६. स्नायूच दुखतोय असं डॉक्टरांनी लिहिलंय, मायाल्जिया म्हटलंय, तर एम७९.१, सीएममध्ये तो एवढ्यावर थांबत नाही, मान-डोक्याच्या स्नायूंना एम७९.१२ आणि इतर ठिकाणी एम७९.१८.

खांदादुखीला वेगळा कोड नाही, ती सांध्यातच जाते, एम२५.५१. डॉक्टरांनी ‘खांदा जखडलाय’ या तक्रारीवर फ्रोझन शोल्डर लिहिलं तर एम७५.०, रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायुबंध) लिहिलं तर एम७५.१.

खुबा हा फसवा शब्द आहे. ‘खुबा दुखतो’ म्हणणारे बरेच जण कुल्ल्याच्या वरच्या कडेवर, म्हणजे कमरेच्या बाजूला हात ठेवतात. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं. तपासणीत हिप जॉइंट लिहिलं असेल तरच एम२५.५५. मांडीच्या बाहेरच्या हाडावर, कुशीवर झोपल्यावर दुखतं आणि डॉक्टरांनी ट्रोकँटरिक बर्सायटिस लिहिलंय, तर एम७०.६. कंबर धरून एका तळहाताच्या अंतरात तीन वेगळे कोड आहेत.

टाचेचंही तसंच. नुसतं ‘हील पेन’ असेल तर एम७९.६७. प्लांटर फॅसायटिस (तळव्याच्या पट्ट्याचा दाह) लिहिलं तर एम७२.२, टाचेचं हाड वाढलं असं निदान केलं तर एम७७.३. एक्स-रेत काटा दिसतो, पण डॉक्टरांनी निदानात ‘हील पेन’ एवढंच ठेवलंय, तर कोडही तेवढाच. काटा दिसणं आणि काट्यामुळे दुखणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी ठरवण्याचा अधिकार कोड लावणाऱ्याचा नाही. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेनं चालून आलेल्यांची पावलं अशीच येतात, सुजलेली आणि नेमकं निदान नसलेली. त्यांनाही एम७९.६७च. स्ट्रेस फ्रॅक्चर असं लिहिलेलं सापडलं तरच एम८४.३.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचं दुखणं जरा सावकाश बघू. विडी वळणाऱ्या बाईंचा केसपेपर आहे असं धरा. तक्रार: उजवा हात दुखतो, तीन महिने. एवढ्यावरच कोड लावला तर सीएममध्ये एम७९.६०१, म्हणजे खांद्यापासून बोटापर्यंत कुठंही. खाली तपासणीत ‘मनगटाच्या रेडियल बाजूला दुखणं’ असं आहे, तर कोड मनगटाच्या सांध्यावर आला: एम२५.५३, सीएममध्ये एम२५.५३१. आणखी खाली ‘फिंकेलस्टीन पॉझिटिव्ह’ आहे. इथं अनुभवी माणसाचाही हात शिवशिवतो, कारण ही चाचणी डी क्वेरवेनसाठीच (अंगठ्याच्या स्नायुबंधांच्या आवरणाचा दाह) करतात. तरी थांबायचं. चाचणीचा निकाल म्हणजे निदान नव्हे. शेवटच्या ओळीत ‘इम्प्रेशन: डी क्वेरवेन’ असेल तर एम६५.४, आणि मग मनगटदुखीचा कोड काढून टाकायचा. दुखणं अंगठ्याच्या मुळाशी असेल आणि ‘फर्स्ट सीएमसी आर्थ्रोसिस’ (त्या सांध्याची झीज) लिहिलं असेल तर एम१८. त्याच बाईंना रात्री बोटांना मुंग्या येतात आणि डॉक्टरांनी कार्पल टनेल (मनगटात नस दाबणं) लिहिलंय, तर कोड ‘एम’ प्रकरणातच नाही, जी५६.० मध्ये, म्हणजे मज्जासंस्थेच्या प्रकरणात. पाच कोड, आणि पेशंटचं वाक्य एकच: हात दुखतो.

डॉक्टरांनी दुखणं कामाशी जोडलेलं असेल, मग ते विडीचं असो, यंत्रमागाचं असो की शिलाईचं, तर संघटनेच्या पुस्तकात वाय९६ हा जोडकोड आहे. तो एकटा कधीच नाही, निदानाच्या मागे. जोडलेलं नसेल तर पेशंटचा धंदा बघून आपण जोडायचं नाही.

दुखण्याचा कोड कधी ठेवायचा, कधी काढायचा

दुखणं हे लक्षण. कारण ठरलं की लक्षणाचा वेगळा कोड लावायचा नाही. गुडघ्याचा प्रायमरी ऑस्टिओआर्थ्रायटिस (आपोआप झालेली झीज), उजवा, असं निदान आहे: एम१७.१, सीएममध्ये एम१७.११. सोबत एम२५.५६ लावू नका आणि सूज आहे म्हणून एम२५.४ही नको, झिजलेला गुडघा दुखणार आणि सुजणार, ते त्या आजारातच आलं. दोन्ही गुडघे असतील तर एम१७.०, इथं दोन्हींचा एकत्र कोड आहे. डॉक्टरांनी नुसतं ‘ओए नी’ लिहिण्याची सवय लावून घेतली असेल तर त्यांच्याकडून ‘प्रायमरी’ आणि बाजू हे दोन शब्द जास्तीचे मागून घ्या. एम१७.२ आणि एम१७.३ दुखापतीनंतरच्या झिजेचे आहेत आणि कागदावर ते कळायला दुसरा मार्ग नाही.

उलट बाजूची चूक जास्त होते. कारण ठरलेलं नसताना फॉर्म ‘वजनदार’ दिसावा म्हणून आजाराचा कोड घालतात. निदान झालं नसेल तर एम२५.५६ हाच बरोबर कोड, त्यात कमीपणा काही नाही.

‘बहुतेक’, ‘संशयित’, क्वेश्चन मार्क घातलेलं निदान असेल तेव्हा नियम पुस्तकागणिक बदलतो. सीएममध्ये ओपीडीच्या भेटीत संशयित निदानाचा कोड लावतच नाहीत. ‘प्रॉबेबल मेनिस्कस टेअर’ (गुडघ्यातली गादी बहुतेक फाटलीय) असेल तर गुडघेदुखी. भरती पेशंटला मात्र डिस्चार्जच्या वेळी संशय तसाच असेल तर आजार ठरला असं धरून कोड लावतात. संघटनेच्या पुस्तकात उपचाराचा तो टप्पा संपताना मुख्य निदानावर संशयाचा शब्द तसाच असेल आणि पुढची काही माहितीच नसेल, तर तो आजारच कोड करायचा असा नियम आहे. म्हणजे एकाच वाक्याला इथल्या रेकॉर्ड रूममध्ये एक कोड आणि अमेरिकन ओपीडी चार्टमध्ये दुसरा. दोन्ही कामं करणाऱ्यानं हे डोक्यात वेगवेगळं ठेवावं लागतं.

आर५२ला हात लावण्याची घाईही टाळा. तो जागा न ठरलेल्या दुखण्याचा कोड. सांधा, कंबर, हातपाय अशी जागा माहीत असेल तर तो तिथं बसत नाही. सीएममध्ये जी८९ ही दुखण्याची स्वतंत्र मालिका आहे. जुनं दुखणं, जी८९.२९, हा जागेच्या कोडसोबत लावता येतो. भेट मुद्दाम दुखणं आटोक्यात आणण्यासाठीच असेल तर जी८९ पहिला आणि जागा दुसरी, नाहीतर उलट. नेहमीच्या तपासणीत कारण माहीत असताना जी८९ नको.

कंबर

‘कंबर धरलीय’ ही ओपीडीतली नेहमीची तक्रार, आणि चुकाही सगळ्यात जास्त तिच्याच. पायरीपायरीनं चला.

पहिली पायरी, मणका कुठला. मान: एम५४.२. पाठीचा मधला भाग: एम५४.६. कंबर: एम५४.५. माकडहाड: एम५३.३. पेशंट ‘पाठ’ म्हणून मानेच्या खालपासून कमरेपर्यंत कुठंही दाखवतो, तेव्हा परत बोट ठेवून घ्या.

दुसरी पायरी, पायात उतरतं का. फक्त पायातली सायटिका असेल तर एम५४.३, कंबर आणि सायटिका दोन्ही असतील तर एम५४.४. एम५४.५ आणि एम५४.३ असे दोन वेगळे कोड जोडून लावणं ही नेहमीची चूक. त्यांचा जोडकोड आधीच आहे. सीएममध्ये बाजूही आहे, एम५४.४१ उजवी आणि एम५४.४२ डावी.

तिसरी पायरी, डिस्कचं निदान आहे का. डॉक्टरांनी डिस्कमुळे नस दाबली जाते असं लिहिलं की एम५४ मधलं सगळं मागं पडतं आणि एम५१.१ येतो. नस दाबलेली नाही, डिस्क सरकलीय एवढंच असेल तर एम५१.२. सीएममध्ये पातळी महत्त्वाची: एल४-एल५ हे कंबर, म्हणून एम५१.१६, एल५-एस१ हा जोड, म्हणून एम५१.१७. मानेला एम५०. स्पॉन्डिलोसिसमुळे नस दाबली तर डिस्क नव्हे, एम४७.२.

एमआरआयचा रिपोर्ट इथं सगळ्यांना फसवतो. पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ हे शब्द बऱ्याचदा येतात, कंबर दुखत नसली तरी. उपचार करणाऱ्या डॉक्टरनं डिस्चार्ज कार्डावर तो बल्ज दुखण्याचं कारण म्हणून लिहिला असेल तरच एम५१. रिपोर्ट फाइलमध्ये लावलेला आहे, एवढ्यावर नाही.

सीएमवाल्यांनी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १ ऑक्टोबर २०२१ पासून एम५४.५ एवढाच कोड चालत नाही: कारण न लिहिलेली कंबरदुखी एम५४.५०, मणक्याच्या हाडातून येणारी एम५४.५१, इतर एम५४.५९. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून कमरेच्या डिस्कच्या झिजेचा एम५१.३६ फुटला: दुखणं फक्त कमरेत असेल तर एम५१.३६०, फक्त पायात एम५१.३६१, दोन्हीकडे एम५१.३६२. जुने टेम्प्लेट वापरणाऱ्यांचे क्लेम अशाच कोडवर परत येतात. संघटनेच्या पुस्तकात एम५४.५ चार खुणांचा पुरेसा आहे. त्यापुढं ० लावला तर अर्थ ‘मणक्याच्या अनेक जागा’ असा होतो.

चौथी पायरी, ती कंबर आहेच का. सोलापूरच्या उन्हाळ्यात ‘कंबर दुखतीय’ म्हणून आलेला माणूस मुतखड्याचा निघणं नवीन नाही. खडा दिसला तर एन२०, खडा दाखवता आला नाही पण रीनल कॉलिक लिहिलंय तर एन२३. एम५४.५ दोन्हींत नाही. मणक्याचा टीबी निघाला तर संघटनेच्या पुस्तकात जोडी लागते, ए१८.० आणि त्यामागं चांदणीचा (*) एम४९.०, चांदणीवाला कोड एकटा जात नाही. सीएममध्ये ए१८.०१ एकटाच पुरतो.

लचक, मुरगळ, उसण

नवी दुखापत ‘एस’ प्रकरणात, जुनी किंवा वारंवार होणारी ‘एम’मध्ये. मेनिस्कस नुकताच फाटला तर एस८३.२, जुना फाटलेला असेल तर एम२३.२. घोटा मुरगळला, डॉक्टरांनी स्प्रेन लिहिलं: एस९३.४. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलताना खांदा लचकला: एस४३.४. उसाची मोळी उचलताना उसण भरली आणि निदान ‘लंबर स्प्रेन’ आहे: एस३३.५. पण त्याच प्रसंगी डॉक्टरांनी नुसतं ‘लो बॅक पेन’ लिहिलं असेल, तर मोळीची हकीकत कितीही स्पष्ट असली तरी एम५४.५.

‘एस’ लावला की कारणाचा कोड सोबत लागतो. ओझं उचलणं किंवा ताण: एक्स५०. घसरून किंवा ठेचकाळून पडणं: डब्ल्यू०१. संघटनेच्या पुस्तकात डब्ल्यू आणि एक्सच्या कोडची चौथी खूण घटना घडली त्या जागेची: ० घर, ४ रस्ता, ६ कारखाना, ७ शेत. दुचाकी कशालाही न धडकता घसरली तर व्ही२८, आणि तिथं चौथी खूण जागेची नसते: रस्त्यावर चालवणाऱ्याला ४, मागं बसलेल्याला ५.

सीएममध्ये ‘एस’मधल्या या कोडना सातवी खूण लागते, ए, डी किंवा एस. ए म्हणजे पहिली भेट असा समज पसरलेला आहे. ए म्हणजे मुख्य उपचार चालू आहेत, मग भेट तिसरी का असेना. उपचार आटोपून फिजिओला पाठवलं की डी. एस म्हणजे मागं राहिलेला परिणाम. कंबरेच्या स्नायूच्या ताणाचा कोड म्हणून एस३९.०१२ए असा पूर्ण लिहायचा. खूण गाळली की तो चालत नाही.

सांधा दुखतो, कोड दुसरीकडचा

ताप येऊन सांधे धरले आणि चिकनगुनिया ठरला तर ए९२.०, सांधेदुखीचा वेगळा कोड नको. महिन्यांनी ताप गेलेला पण सांधे दुखत राहिलेत आणि डॉक्टर ते मागच्या चिकनगुनियाशी जोडतायत, तर आधी आत्ताचं दुखणं, एम२५.५०, आणि मागं बी९४.८ (जुन्या संसर्गाचा उरलेला परिणाम). (सीएममध्ये अनेक सांध्यांचा एकत्र कोड नाही, प्रत्येक सांधा वेगळा.) पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकतोय आणि गाऊट लिहिलंय: एम१०.

डाव्या खांद्यात, छातीत, दंडात एकदम दुखायला लागलं असं नोंदीत असेल तर परस्पर एम२५.५१ टाकू नका. छातीदुखी ‘आर०७’मध्ये आहे, आणि डॉक्टरांनी छातीच्या पिंजऱ्याचं दुखणं म्हणून कॉस्टोकाँड्रायटिस लिहिलं तरच एम९४.०.

गुडघा बदललेला आहे आणि तोच दुखतोय. डॉक्टरांनी दुखणं इम्प्लांटशी जोडलं तर टी८४.८, जोडलेलं नसेल तर एम२५.५६ आणि सोबत झेड९६.६ (कृत्रिम सांधा असल्याची नोंद). बदललेल्या गुडघ्याला एम१७ मात्र कधीच नाही, झिजणारा सांधा तिथं उरलेलाच नाही.

डॉक्टरांना विचारताना, फॉर्म पाठवताना

केसपेपर अपुरा असेल तर विचारा, पण उत्तर सुचवू नका. ‘सर, डिस्क लिहू का?’ असं विचारलं की गर्दीच्या ओपीडीत उत्तर ‘हो’ येतं. असं लिहा: ‘लेग पेन नोंदलंय. दुखणं सांध्यात, स्नायूत की कमरेतून उतरणारं? बाजू कोणती? कारण ठरलं असल्यास कृपया लिहा.’ उत्तर केसपेपरवर, सहीसकट. फोनवरच्या उत्तराचा पुढं कागद नसतो.

क्लेममध्ये मोह दोन ठिकाणी होतो. विम्यात ठरावीक आजारांना, सांधे बदलण्यासारख्या शस्त्रक्रियांना, प्रतीक्षा कालावधी असतो. अपघाताला तो लागत नाही. म्हणून एम१७चा एस८३ करून द्या अशी गळ नातेवाईक घालतात. एक्स-रेत झीज दिसते, अपघाताची नोंद कुठंच नाही, आणि क्लेम खोटा म्हणून अडकतो. दुसरा मोह कंबरदुखीचा: भरती करून फक्त एमआरआय काढला, उपचार नाहीत. विम्यात ज्याचे पैसे मिळत नाहीत अशा प्रमाणित अपवादांतला चौथा, नुसत्या तपासणीसाठीची भरती, इथं लागतो, आणि एम५४.५चा एम५१.१ केल्यानं ती भरती उपचाराची होत नाही. शासनाच्या जन आरोग्य योजनेतला पॅकेज कोड उपचाराचा असतो. तो निदानाच्या रकान्यात लिहू नका.

पाठवण्याआधी बाजू चार ठिकाणी जुळवा: केसपेपर, एक्स-रे प्लेट, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड. तीन ठिकाणी उजवा आणि एका ठिकाणी डावा निघाला तर कोडला हात न लावता कागद डॉक्टरांकडे परत न्या. मग टायपिंग बघा. सगळ्यात जास्त वेळा शून्याच्या जागी रोमन ‘ओ’ पडतो आणि एकाच्या जागी ‘आय’, आणि सिस्टीम फक्त ‘अवैध कोड’ एवढंच सांगते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत (आयसीडी-११) ही दोन्ही अक्षरं कोडमधून वगळली आहेत. तिथं कंबरदुखी एमई८४.२ आणि गुडघ्याची झीज एफए०१ आहे, पण फॉर्मवर ‘आयसीडी-१०’ छापलेलं असताना हे कोड भरू नका.